हातभर मोकळी जागा

बेंबळी,
६ ऑक्टोबर २०२४

ती. कल्याणप्पा मामांना शिवकांताचे शरणु.

मामा, पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन करून थकले म्हणून लिहायला बसले. तुम्ही फोन उचलता, चार वेळा हॅलो म्हणता, 'काही ऐकू येत नाही' असं मलाच रागावता आणि ठेवून देता. कानाचं मशीन कपाटात ठेवायचं आणि दोष फोनला द्यायचा, हे तुम्हालाच जमतं.

तर बातमी अशी, की तुमची भाची या वयात फोटो काढायला लागली आहे. महालक्ष्म्यांच्या सणाला माझा नंदीश पुण्याहून आला होता. त्यानं नवा मोबाईल घेतलाय, म्हणून त्याचा जुना कॅमेरा इथंच टाकून गेला. कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली एकच लेन्स, एक बॅटरी आणि एक कार्ड, एवढाच संसार. आठवडाभर तो शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी पडून होता. एक दिवस सहज बाहेर काढला आणि तेव्हापासून माझे ब्लाऊज वेळेवर होईनात. बायका येऊन ओरडतात, मी त्यांचेच फोटो काढते, मग गप्प बसतात.

तुम्ही येडशीत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. निम्म्या तालुक्याची लग्नं तुमच्या अल्बमात आहेत. तेव्हा शिकवायचं तुम्हीच. घरच्या माणसाला फी लागत नाही.

आणि मला खरं तर एकच फोटो काढायचा आहे, बाकीचे सगळे सरावाचे. माझ्या सासूबाईंचा, शांताक्कांचा. त्र्याऐंशी वर्षं झाली त्यांना, आणि फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात त्या कुणीतरी पकडून आणल्यासारख्या दिसतात. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेतात नाहीतर स्वयंपाकाकडं निघून जातात. नंदीशच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची फक्त पाठ आहे, तीही तीन ठिकाणी. सासऱ्यांचा तर आमच्या घरात फोटोच नाही. मी सून होऊन येण्याआधीच ते गेले, त्यांचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक नाही. निदान अक्का तरी माझ्या नातवंडांना दिसाव्यात असं फार वाटतं.

सोबत तीन फोटो धुऊन पाठवते आहे. तुम्हाला मोबाईलवर बघायचा कंटाळा, हे मला माहीत आहे. काय चुकलं ते स्पष्ट लिहा, मी रडणार नाही.

तुमची,
शिवकांता


येडशी,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रडणार नाहीस म्हणालीस म्हणून लिहितो.

पहिला फोटो, तुमच्या गल्लीतल्या बायकांचा. सगळ्यांनी लिंबाचा रस प्यायलाय का? भर दुपारी तोंडावर ऊन घेऊन उभं केलंस, त्या बिचाऱ्या डोळे तरी कसे उघडतील. दुसरा, त्यांच्यातल्या दगडाबाईचा. तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. फोटो काढायच्या आधी माणसाकडं बघतो तसं माणसाच्या मागंही बघावं. तिसरा म्हशीचा. म्हैस चांगली आली आहे. ती तुझं ऐकून उभी राहिली नाही, म्हणून.

आता शिक. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या पुढं बाहेर काढ. मधल्या वेळात माणसाला दारात बसव, आत नाही, बाहेर नाही, उंबऱ्याशी. दारातून येणारा उजेड एका गालावर पडेल, तेवढा पुरतो. मी अर्धं आयुष्य त्या उजेडावर जगलो, मोठे दिवे लग्नातल्या लोकांना दाखवायला होते.

दुसरं, चौकटीत रिकामी जागा फार सोडतेस. दगडाबाई एका कोपऱ्यात आणि बाकी सगळा रस्ता. तू तीस वर्षं कापड कापतेस, अंगापेक्षा हातभर मोठा ब्लाऊज कुणाला शिवून दिलास का? दोन पावलं पुढं जा. तरीही उरलं तर धुताना कापून टाक. रिकामी जागा म्हणजे फोटोग्राफरचं लक्ष नव्हतं, असं मी माझ्या स्टुडिओतल्या पोरांना सांगायचो.

शांताक्कांचा नाद मात्र सोड. ज्याला नको आहे त्याच्या मागं लागू नये. गावात माणसं काय कमी आहेत.

कल्याणप्पा


बेंबळी,
३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना शरणु.

दिवाळी झाली, आता सवडीनं लिहिते. सोबतच्या फोटोंत दगडाबाई पुन्हा आहे. यावेळी उंबऱ्यावर बसवली. ती स्वतःचा फोटो बघून म्हणाली, "अगं, ही म्या हाय व्हय? म्या तर लई बरी हाय की!" मामा, त्या एका वाक्यासाठी मी चार ब्लाऊजांची शिव्यांसकट उशिरा डिलिव्हरी दिली.

संध्याकाळी उजेड कमी असला की माझा हात हलतो आणि सगळं पुसल्यासारखं येतं. नंदीश म्हणाला तीन पायांचा स्टँड पाठवतो. मी म्हटलं थांब. ब्लाऊजच्या उरलेल्या खणांची एक वीतभर पिशवी शिवली, तिच्यात ज्वारी भरली आणि तोंड शिवून टाकलं. भिंतीवर ठेवा, ट्रॅक्टरवर ठेवा, कॅमेरा तिच्यात कोंबडीसारखा बसतो. हलत नाही. फक्त आमच्या शेळीपासून सांभाळावी लागते.

परवा रामलिंगच्या देवळात गेले होते. एक माणूस दुधी भोपळ्याएवढी लेन्स लावून माकडांचे फोटो काढत होता. माझ्या लेन्सकडं बघून हसला. मला ती लांबची लेन्स लागेल का हो?

आता मुद्द्याचं. मी अक्कांचा नाद सोडणार नाही. उलट एक गंमत झाली. मी त्यांना म्हटलं, "कल्याणप्पा मामा मला पत्रातून शिकवतात." त्या गव्हातले खडे निवडत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "कल्याणप्पा शिकिवतोय व्हय? मग नीट शिक." आणि गालातल्या गालात हसल्या. त्या दिवसापासून मी कॅमेरा घेऊन अंगणात आले तरी त्या उठून जात नाहीत. पदर घेतात, पण बसून राहतात.

तुमची आणि त्यांची चांगली ओळख असणार. माझं लग्न या घरात तुम्हीच जमवलं ना? पण तेव्हापासून तुम्ही इथं जेवायलासुद्धा आला नाहीत. आणि माझ्या लग्नात तुम्ही कॅमेरा आणला नाहीत तो राग माझ्या मनात अजून आहे. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढलेत आणि सख्ख्या भाचीच्या लग्नात दुसऱ्याला पाठवलंत. विचारलं तर म्हणालात, मामानं पाठीशी उभं राहायचं असतं. तुम्ही भांडलात का कुणाशी? की मानपान कमी पडला? मला वाटतं आहेराच्या टोपीवरून काहीतरी झालंय. काय असेल ते सांगून टाका आणि यंदा येळवशीच्या अमावास्येला आमच्या शेतात पूजेला, आंबील प्यायला या.

शिवकांता


येडशी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शिवकांतास आशीर्वाद.

ज्वारीची पिशवी वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या हर्षालीनं येऊन बघितलं, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही.

लांबची लेन्स लागत नाही. माकडांना ती लागते, कारण ती चावतात. तुझी माणसं चावत नाहीत, जवळ जा. आहे त्या लेन्सनं वर्षभर काढ. तिच्यात किती मावतं ते डोळ्याला एकदा पाठ झालं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फोटो दिसायला लागेल.

दगडाबाईचा फोटो उत्तम. मी तो आरशाशेजारी लावला आहे.

टोपीवरून मी भांडेन असं तुला वाटलंच कसं? कुणाशी काही नाही. शांताक्का देवमाणूस आहेत. येळवशीला येणं जमणार नाही, गुडघे दुखतात.

कल्याणप्पा


बेंबळी,
८ डिसेंबर २०२४

ती. मामांना शरणु.

गुडघे दुखतात म्हणे! गेल्या महिन्यात तुम्ही रामलिंगच्या पायऱ्या उतरताना आमच्या पाहुण्यांनी तुम्हाला पाहिलं. बरोबर उतरायला कुणी नव्हतं आणि हातात वडापाव होता.

असो. बातमी ऐका. अक्का तयार झाल्या!

मी काल पुन्हा विचारलं. त्या आधी म्हणाल्या, "म्या मेल्यावर हाराला फोटो लागंल म्हणून काढतीस व्हय?" मी म्हटलं, "नाही अक्का, तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडायला फोटो हवाय, दरवेळी तुम्हाला शोधत शेतात कोण येणार." त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. येळवशीला काढ. शेतात, कोपीपुढं. दुसरीकडं कुठं न्हाय." कोपीपुढंच का, विचारलं तर सूप उचलून आत गेल्या.

मामा, मला झोप लागेना. कडब्याची कोप पूर्वेला तोंड करून घालायला सांगते, म्हणजे सकाळचा उजेड तोंडावर तिरका येईल. अक्कांना कोपीच्या तोंडाशी कडेला बसवते. एवढं पुरे ना? आणखी काय बघू? सगळं लिहा, अगदी बारीकसुद्धा.

शिवकांता


येडशी,
१६ डिसेंबर २०२४

चि. शिवकांतास आशीर्वाद.

त्या तयार झाल्या हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात दोन चकरा मारल्या. फार चांगलं झालं. काढच.

तुझी तयारी बरोबर आहे. बॅटरी आदल्या दिवशी भर. लेन्स मऊ कापडानं पूस, पदरानं नको. अक्कांना 'हसा' म्हणू नको, त्यांना काहीतरी कामाला लाव, आंबिलीचं भांडं हातात दे. एक काढून थांबू नको, दहा-बारा काढ. आणि घाई करू नको, शिवकांता. घाई करू नको, एवढंच सांगतो.

कोपीपुढं म्हणाल्या का त्या? बरं.

तुझे रामलिंगचे पाहुणे फार बारीक नजरेचे दिसतात. वडापाव माझा नव्हता.

कल्याणप्पा


बेंबळी,
२ जानेवारी २०२५

ती. मामांना शरणु.

मामा, मी काय करून बसले ते कसं सांगू.

येळवस सोमवारी झाली. सकाळी सगळे शेतात गेलो. कोपीतल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लावला, पूजा झाली, नंदीशच्या बाबांनी 'ओलगे ओलगे' म्हणत ज्वारीतून आंबील शिंपडली. मग अक्का आपण होऊन कोपीपुढं घोंगडीवर येऊन बसल्या. डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या होत्या. मी त्यांच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला. दगडाबाई बाजूनं काहीतरी बोलली आणि अक्का अशा हसल्या मामा, की मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी चौदा फोटो काढले. प्रत्येक फोटो मागच्या काचेवर क्षणभर दिसायचा आणि जायचा. मी म्हटलं, निघाला.

घरी येऊन बघते तर एकही नाही. कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. तुम्हाला पाठवायचे फोटो धुवायला मी ते कार्ड धाराशिवच्या लॅबमध्ये दिलं होतं. परत आणलेलं पाकीट मशीनच्या खणात तसंच पडलं होतं. काचेवर इंग्रजीत काहीतरी बारीक लिहून येत होतं म्हणे, मला उन्हात दिसलं नाही, दिसलं असतं तरी वाचता आलं नसतं. रिकाम्या कॅमेऱ्यानं मी चौदा वेळा टिचक्या वाजवल्या.

आणि याहून वाईट पुढं आहे. संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "कसा आला गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "छान आला, लॅबमध्ये दिलाय, आठवड्यात येईल." आता रोज सकाळी त्या विचारतात. आजही विचारलं. मी काय म्हणू? लॅबवाल्यानं खराब केला म्हणू का? त्याचं नाव घेतलं की विषय संपेल, असं वाटतं. लवकर लिहा.

शिवकांता


येडशी,
६ जानेवारी २०२५

चि. शिवकांतास आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं आणि आत्ताच उत्तर लिहितो आहे. हे वाचून झालं की ऊठ आणि अक्कांना खरं सांग. लॅबवाल्याचं नाव घेऊ नको. का, ते पुढं वाच. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

एकोणऐंशी सालची येळवस. मी अठ्ठावीस वर्षांचा. कॅमेरा घेऊन महिना झाला होता, स्टुडिओ अजून नव्हता, तुझ्यासारखाच नाद लागला होता. तुझे सासरे, बसवंतअप्पा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण मैत्री अशी की मी त्यांच्या घरी जेवल्याशिवाय बेंबळीतून निघत नसे. ते म्हणाले, येळवशीला आमच्या शेतात ये, तुझा पहिला फोटो आमचा काढ. अप्पांनी ठेवणीतला कोट घातला. अक्का नथ घालून आल्या. तुझा नवरा सातवीत होता, त्याचे केस पाणी लावून चापून बसवले होते. कोपीपुढं घोंगडीवर दोघं बसले. मी मोठ्या ऐटीत छत्तीस वेळा बटण दाबलं. सगळ्या भावकीचेही काढले.

घरी येऊन रोल काढला. त्याचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं. मी घाईत झाकण लावलं होतं. एक इंचही फिल्म फिरली नव्हती. छत्तीस वेळा मी रिकामा कॅमेरा वाजवला.

अप्पांनी विचारल्यावर मी सांगितलं, सोलापूरला धुवायला दिला होता, तिथल्या माणसानं खराब केला. ते 'बरं' म्हणाले. मला वाटलं, पुढच्या येळवशीला पुन्हा काढू, तेव्हा सांगू. त्या उन्हाळ्यात अप्पा गेले. अचानक. त्यांचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. तुझ्या घरात सासऱ्यांचा फोटो नाही तो माझ्यामुळं, शिवकांता.

मातीला गेलो तेव्हा अक्कांकडं बघायची हिंमत झाली नाही. पुढं तुझं स्थळ त्या घरात नेलं, कारण त्याहून चांगली माणसं मला माहीत नव्हती. पण अक्कांसमोर कॅमेरा धरायला हात उठत नव्हता, म्हणून तुझ्या लग्नात दुसऱ्याला पाठवलं. टोपीचा काही संबंध नाही. अक्का कॅमेऱ्यापासून तोंड लपवतात ते माझ्या खोटेपणाच्या रागानं, असं मी इतकी वर्षं समजून आहे.

तुझं खोटं अजून आठवड्याचंच आहे, ते आज निस्तरेल. माझं पंचेचाळीस वर्षांचं झालं आणि आता ते उचलत नाही. माझंही त्यांना सांग. मला तोंडानं सांगायला जमलं नाही.

कल्याणप्पा


बेंबळी,
१२ जानेवारी २०२५

ती. मामांना शरणु.

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग अक्कांजवळ जाऊन बसले. आधी माझं सांगितलं. मग तुमचं पत्र सगळं वाचून दाखवलं. झाल्यावर म्हणाल्या, "कागद घे. म्या सांगते तसं लिव. एक शबुद गाळायचा न्हाय." म्हणून खालचं त्यांचं आहे, मी फक्त लिहिणारी.

"कल्याणप्पा, तुला काय वाटलं, म्या येडी हाय? मला त्याच आठवड्यात कळलं हुतं. बाजारच्या दिशी तुजा बाप अप्पास्नी भेटला. म्हणला, पोरगं जेवना, कॅमेरा रिकामा फिरला म्हणून तोंड लपवून बसलंय. अप्पा घरी येऊन पोट धरून हसले. म्हणले, शांते, त्याला काय इचारू नगंस, लाजंल. पुढल्या येळवशीला पुन्यांदा बसू. आपला पयला फोटो त्योच काढंल. मग अप्पाच ऱ्हायले न्हाईत, त्याला कुणाचा इलाज हुता?

"फोटोचा राग मला कवाच न्हवता. राग हाय त्यो तुजा. मातीला आलास, मान खाली घालून गेलास, पुन्यांदा येळवशीला आला न्हाईस. म्या दरसाल एक तांब्या आंबील तुज्या नावानं बाजूला काढली. सांच्याला गुरास्नी घातली. अप्पा गेले त्ये गेले, तू जित्ता असून गेलास.

"आन म्या तोंड का झाकत हुते? अप्पा म्हणून गेले हुते, पयला फोटो कल्याणप्पाचा. मग दुसऱ्याला कसा काढू देऊ? आधारवाल्यानं काढला त्यो सरकारचा, त्यो मोजायचा न्हाय. आवंदा म्हणलं, ह्यो काय आता येत न्हाय, भाची तर भाची, ह्याच्याच हाताखाली शिकलीया. तर तिनंबी रिकामाच वाजिवला! मला सांगताना तिचं तोंड बघायला पायजे हुतं. म्या अप्पांसारखी पोट धरून हसले.

"आता लगोलग पळत येऊ नगंस. म्या पंचेचाळीस वरसं थांबले, तू एक वरीस थांब. पुढल्या येळवशीला ये, कोपीपुढं, आन तूच काढ. म्या कुठं जात न्हाय."

मामा, वर लिहिलंय ते सगळं जसंच्या तसं आहे. शेवटी मला म्हणाल्या, "गुडघ्याचं कारण दिलं तर सांग, म्या त्र्याऐंशीची हाय."

शिवकांता


येडशी,
१७ जानेवारी २०२५

चि. शिवकांतास आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. अप्पा हसले होते! इतकी वर्षं मला वाटायचं, ते 'बरं' म्हणाले तेव्हा मनातून नाराज होते. आज छातीवरचं जातं कुणीतरी उचलल्यासारखं वाटतंय.

अक्कांना सांग, उद्या येतो. आमच्या वयात वर्षाचा वायदा करतात का? समजाव त्यांना.

कल्याणप्पा


(पोस्टकार्ड)
बेंबळी, २३ जानेवारी २०२५

मामा, समजावलं. त्या म्हणतात, "न्हाय." आणि म्हणतात, तोवर तब्येत सांभाळ.
शिवकांता


(पोस्टकार्ड)
बेंबळी, ११ ऑगस्ट २०२५

मामा, अक्कांना आठ दिवस ताप होता, आता उतरला. मी घाबरून म्हटलं, मामांना आत्ताच बोलावते. तर अंथरुणातून म्हणाल्या, "म्या वायदा केलाय, मोडत न्हाय. कल्याणप्पा हाय का गेला ते इचार."
शिवकांता


(पोस्टकार्ड)
येडशी, १६ ऑगस्ट २०२५

आहे म्हणावं. कानाला मशीन लावायला लागलो आहे. शेजारच्या हर्षालीच्या मोबाईलवर तुझ्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचतो आहे. दहा सेकंदांचं बटण कुठं असतं ते सापडलं.
कल्याणप्पा


बेंबळी,
२६ डिसेंबर २०२५

ती. मामांना शरणु.

तुम्ही नीट पोचलात, हर्षालीचा फोन आला होता.

येळवस झाल्यापासून आमच्या गल्लीत दुसरा विषय नाही. तुम्ही कार्ड तीन वेळा बाहेर काढून उन्हात धरून बघितलंत आणि चौथ्या वेळी दगडाबाईलाही दाखवलंत, याची नक्कल आता पोरंसोरं करतात. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ज्वारीच्या पिशवीत कॅमेरा बसवून, दहा सेकंदांचं बटण दाबून तुम्ही जे पळत आलात, ते धोतर सावरणं मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या फोटोत तुमची फक्त पाठ आली आहे. अक्का म्हणाल्या, "आता कळलं का पाठ कशी येती ती?" दुसऱ्यात तुम्ही अर्धे बसलेले आहात. तिसरा आला. आणि तुम्ही एक नाही, दोन नाही, चार तांबे आंबील प्यायलात. अक्का मोजत होत्या.

तुम्ही गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरगं म्हातारं झालं की गं." आणि पदरानं डोळे पुसले. पण हसत होत्या.

तिसरा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे. काल लॅबमध्ये गेले. अक्का हातात तांब्या घेऊन हसताहेत, अगदी गेल्या वर्षी हसल्या होत्या तशा, तुम्ही शेजारी धाप लागलेले. उजेड एका गालावर, खांब कुठंच नाही, पाय कापलेले नाहीत. मला कुठंही चूक काढता येईना, फक्त एक सोडून. अक्कांच्या आणि तुमच्या मध्ये घोंगडीवर हातभर जागा रिकामी आहे. मी मागं चुलीपाशी होते, नाहीतर तुम्हाला सरकायला सांगितलं असतं. पळत येऊन बसलात म्हणून अंतर राहिलं असणार. लॅबवाला हुशार आहे, म्हणतो मधली जागा कापून तुम्हा दोघांना जवळ आणता येतं, कळणारही नाही. मलाही तुमचंच आठवलं, रिकामी जागा म्हणजे फोटोग्राफरचं लक्ष नव्हतं. कापू म्हणून सांगू ना त्याला?

शिवकांता


येडशी,
३० डिसेंबर २०२५

चि. शिवकांतास आशीर्वाद.

कापू नको.

मी पळत येऊन अक्कांना खेटूनच बसत होतो. पहिल्या दोन फोटोंत नीट बघ, मी कुठं टेकायला निघालो होतो ते दिसेल. तिसऱ्या वेळी अक्कांनी माझा हात धरून मला बाजूला सरकवलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "तिथं नगं. अप्पांची जागा हाय ती. कोट घालून बसलेत." पळताना मशीन निघून खिशात पडलं होतं, तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं. मग मी त्यांच्यापासून मोजून हातभर अंतरावर बसलो.

फोटोतली ती जागा लक्ष नसल्यानं राहिलेली नाही. आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी दुसरा फोटो काढला नसेल. तुझ्या नातवंडांनी विचारलं, मध्ये कोण आहे, तर त्यांना नाव सांग.

लॅबवाल्याला म्हणावं, कागद मोठा लागला तर मोठा घे. पण कापू नको.

कल्याणप्पा